दुसऱ्या रविवारची वही

मी पहिल्यांदा त्या हॉलवर गेले ते व्याख्यान ऐकायला, कोळ्यांवर होतं, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्यांवर. दारातच एका ताईंनी मला थांबवलं आणि विचारलं, "पाच मिनिटं आहेत का गं? मागच्या खोलीतून खुर्च्या आणायच्यात." मी पर्स कोपऱ्यात ठेवली आणि खुर्च्या आणल्या. बऱ्याच आणल्या, माणसं मात्र मोजून अकरा आली, तरी व्याख्यान काय सुंदर झालं. जगात कोळ्यांच्या ५०,००० च्या वर प्रजाती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या कितीतरी जाळं लावून शिकार करतच नाहीत, पाठलाग करतात, उडी मारतात, फुलात दबा धरून बसतात, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मी घरच्या कोपऱ्यातली जाळी झाडूने काढणारी बाई, त्या रात्री घरी येऊन टॉर्च घेऊन भिंतीवरचा एक छोटा कोळी बघत बसले होते.

पण जायच्या आधी खुर्च्या परत आत ठेवायच्या होत्या. त्या ठेवता ठेवता ताई म्हणाल्या, "महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तळ्यावर पक्ष्यांची मोजणी असते, सकाळी सहाला. ये." झालं. फॉर्म नाही, मुलाखत नाही, त्या एका "ये" वर मी या निसर्गप्रेमी गटाच्या माणसांमध्ये आले आणि आज बरीच वर्षं इथेच आहे.

मला अनेकजण विचारतात की निसर्गासाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू. त्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं ते मला कळतं, जंगल, जीप, जखमी प्राण्याला हातात धरलेला फोटो. मी खुर्च्यांचं सांगते तेव्हा त्यांना वाटतं मी प्रश्न टाळतेय. मी टाळत नसते. हॉलची किल्ली कुणाकडे आहे, प्रोजेक्टरची वायर कुठे ठेवलीय, ज्यांना यायला वाहन नाही त्यांना कोण घेऊन येणार, ही कामं कुणीतरी मनापासून केल्याशिवाय एकही पक्षी मोजला जात नाही आणि एकही मूल दुर्बिणीतून काही बघत नाही.

मोजणीचं सांगते, कारण माझं शिक्षण तिथे झालं. आमच्या गटातले एक काका, रिटायर झालेले, त्यांच्याकडे एक लांबट हिशेबाची वही होती. तळ्याच्या काठावर तीन ठरलेल्या जागा, प्रत्येक जागी ठरलेला वेळ उभं राहायचं, डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायची, मग उलट एकदा, कारण टिबुकली, हा छोटा पाणपक्षी, बुडी मारून बसलेली असते आणि पहिल्या फेरीत हमखास सुटते. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यात भरून घ्यायचं आणि मग तोच दहाचा ठोकळा थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचा. पहिल्या जागेवरून काही उडून दुसऱ्या जागेकडे गेलं तर दिशा लिहून ठेवायची, नाहीतर तेच पक्षी दोनदा मोजले जातात. पाण्याची पातळी, वारा, काठावर माणसं किती, कुत्री किती, सगळं लिहायचं. नवीन माणसाने आणि जुन्या माणसाने वेगवेगळं मोजायचं आणि नंतरच एकमेकांना आकडा सांगायचा, आधी सांगितला की दुसऱ्याचा आकडा आपोआप तिकडे सरकतो.

आणि एक नियम काकांनी मला पहिल्याच दिवशी जरा कडकपणे सांगितला. मी चक्रवाकाच्या रकान्यात काही लिहिलं नव्हतं कारण चक्रवाक दिसलेच नव्हते. ते म्हणाले, "दिसला नाही ना? मग शून्य लिही. कोरी जागा ठेवायची नाही. कोरी जागा म्हणजे आपण बघितलंच नाही. शून्य म्हणजे बघितलं, आणि नव्हता."

मला तेव्हा हे मास्तरकीसारखं वाटलं. नंतर हळूहळू कळत गेलं की सगळं काम या फरकावर उभं आहे. जानेवारीत मोजणीला वीस-पंचवीस माणसं येतात, थंडी असते, थापटे आणि चक्रवाक ही बदकं आलेली असतात, कॅमेरे असतात. मे महिन्यात तळं आटलेलं, उन्हाची तिरीप सहालाच डोळ्यात, चार टिटव्या आणि दोन बगळे, तेव्हा येतात काका, ताई आणि अजून एखादं कुणी. आता फक्त चांगल्या दिवसांचीच नोंद झाली तर वही बघणाऱ्याला वाटेल की हे तळं बाराही महिने भरलेलं असतं. ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंद करताना विचारतात ना की दिसलेल्या सगळ्या जाती लिहिल्यात का, ते याचसाठी, सगळं लिहिलंय हे कळलं तरच काय नव्हतं हेसुद्धा कळतं. त्यामुळे माझ्या मते मे महिन्याची मोजणी जानेवारीपेक्षा काकणभर जास्तच महत्त्वाची आहे, आणि मी हे प्रत्येक नवीन माणसाला सांगते.

या साध्या मोजणीच्या मागे किती मोठी परंपरा आहे हे मला एका व्याख्यानातच कळलं. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन बाहेर पडायचं आणि कोणाची टोळी जास्त पक्षी-प्राणी मारते याची शर्यत लावायची अशी पद्धत होती, तिच्या ऐवजी १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञांनी सुचवलं की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी मिळून २७ माणसं होती, सत्तावीस! ती मोजणी अजून दर वर्षी होते. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून चालू आहे, आशियातली १९८७ पासून, दर जानेवारीत, आणि त्यात बहुतेक ठिकाणी मोजणारे आमच्यासारखेच, नोकरी-घर सांभाळून येणारे लोक. २०२३ साली आपल्या देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर जो अहवाल आला, ९४२ जातींचा आढावा घेणारा, तो ३०,००० पेक्षा जास्त पक्षी बघणाऱ्यांच्या नोंदींवर उभा आहे. त्यातली एक आमची वही, काकांच्या अक्षरातली, मी रात्री बसून कंप्युटरवर चढवलेली.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या लोकांनी. कीटकांच्या अभ्यासकांचा तो एक स्थानिक मंडळवजा गट, १९०५ सालचा, त्यातले बरेचसे हौशी. त्यांनी काय केलं तर ठराविक प्रकारचे कापडी सापळे संरक्षित जागांमध्ये लावले, सापडलेले कीटक अल्कोहोलच्या बाटल्यांमध्ये भरून वजन केलं, लेबल लावलं, जपून ठेवलं. आणि हे २७ वर्षं केलं, ६३ ठिकाणी. २०१७ साली त्यावरचा शोधनिबंध आला तेव्हा जगाला कळलं की उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलंय, आणि तेसुद्धा राखीव जागांमध्ये. १९८९ मध्ये पहिली बाटली भरणाऱ्याला हे काय दाखवणार आहे याची कल्पना असणं शक्यच नव्हतं, तरी त्याने लेबल नीट लावलं. मी त्या लेबलाचा विचार फार वेळा करते.

व्याख्यानांबद्दल माझं मत जरा ठाम आहे, सांगूनच टाकते. बाहेरून मोठे वक्ते येतात, १२० स्लाइड, प्रत्येक स्लाइडवर एक अप्रतिम फोटो, लोक श्वास रोखून बघतात आणि घरी जातात. त्याचा आनंद असतोच, मी नाही म्हणत नाही. पण बाहेर पडताना ऐकणाऱ्याला उद्या सकाळी आपल्या खिडकीतून काय वेगळं बघायचं हे कळलं नसेल तर मला चुटपुट लागून राहते. आणि घरट्याचा नेमका पत्ता व्याख्यानात सांगू नये, ऑनलाइन टाकलेल्या फोटोबरोबर जागेची नोंद जाऊ देऊ नये, पक्ष्याला बोलवायला मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवू नये, हे प्रत्येक वक्त्याला आधीच सांगितलं पाहिजे. आम्ही सांगतो, काहींना राग येतो, येऊ दे.

आमच्याकडे झालेलं सगळ्यात मोलाचं व्याख्यान एका माणसाचं झालं ज्यांनी आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. तळ्याच्या पंपहाऊसवर एक मामा आहेत, पाण्याची पातळी रोज लिहायची हे त्यांचं काम. झालं असं की आमच्या वहीत एक गोष्ट बरीच वर्षं टोचत होती. वारकरी म्हणजे ते काळे पाणपक्षी, टिबुकल्या, बदकं ठीक होती, किंबहुना वारकरी वाढले होते, पण चिखल्या, तुतारी, शेकाट्या ही काठाने चालणारी पक्षीमंडळी कमी कमी होत चालली होती, तीन आकडी संख्या दोन आकडी झाली होती. आम्ही प्रदूषण म्हणालो, कुत्री म्हणालो, सगळ्या जगात कमी झालेत म्हणून इथेही असं म्हणालो. एकदा ताई सहज पंपहाऊसवर सावलीला थांबल्या आणि मामांशी बोलल्या, तर मामा म्हणाले, "नवीन गेट बसवल्यापासून हिवाळाभर पाणी काठोकाठ ठेवतात ना, मग चिखल कुठनं दिसायचा?"

इतकं सरळ होतं ते. तुतारीचे पाय आखूड, तिला चालायला बोटभर पाणी नाहीतर ओला चिखल लागतो, त्यात चोच खुपसून ती किडे-अळ्या काढते. शेकाट्याचे पाय लांब म्हणून तो जरा आत जाऊ शकतो, पण त्यालाही उथळच पाहिजे. पाणी काठोकाठ असलं की बुडी मारणाऱ्यांची आणि पोहणाऱ्यांची चंगळ, पण चिखलावर चालणाऱ्यांचं ताटच पाण्याखाली गेलेलं. आम्ही दर महिन्याला पाण्याची पातळी लिहीत होतो, वहीत रकाना होता, पण आम्ही तिथे "भरलेलं" एवढंच लिहायचो. मामांकडे सेंटिमीटरमध्ये रोजचा आकडा होता.

मग मामांना हॉलवर बोलवलं. ते आधी तयारच होईनात, म्हणाले मला काय येतंय. आले मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, आपलं रजिस्टर घेऊन. स्लाइड नाही काही नाही, ते रजिस्टर उघडून तारीख वाचायचे आणि काका आपल्या वहीतून त्याच महिन्याचा पक्ष्यांचा आकडा वाचायचे. कुठलं पाणी कुठून येतं, गेट कधी उघडतात, काठाची माती कुठे खचते, मासे कुठल्या कोपऱ्यात वर येतात, तास कसा गेला कळलं नाही. त्या दिवशी हॉल भरलेला होता आणि खुर्च्या कमी पडल्या.

त्यावरून आम्ही संबंधित कार्यालयाला पत्र दिलं. लगेच काही झालं नाही, तीन पत्रं गेली. मग एका हिवाळ्यात भिंतीच्या दुरुस्तीसाठी त्यांना पाणी उतरवावंच लागलं आणि उत्तरेच्या काठाला रुंद चिखलाचा पट्टा उघडा पडला, आणि त्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मी स्वतः होते, त्या पट्ट्यावर पाय ठेवायला जागा नाही इतक्या तुतारी आणि चिखल्या. काका काही बोलले नाहीत, नुसते मोजत राहिले, दोनदा मोजलं. चौथं पत्र त्या आकड्यासकट गेलं आणि आता हिवाळ्यातले दोन महिने पाणी थोडं खाली ठेवतात.

हे सगळं छान छान वाटेल म्हणून आता जे चुकलं ते पण सांगते. जलपर्णी काढायचा एक मोठा कार्यक्रम आमच्याकडे झाला होता. एका कंपनीने विचारलं की आमची दोनशे माणसं एक दिवस येतील, टी-शर्ट, हातमोजे, बस सगळं आम्ही आणू. आम्ही दहा-बारा जण महिनोन्महिने ती जलपर्णी ओढत होतो, ती पाण्याने इतकी जड असते की एक माणूस एका वेळी जेमतेम एक ओझं बाहेर काढू शकतो, अनुकूल दिवसांत ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, काढून काठावर लांब टाकली नाही तर पहिल्या पावसात परत आत, आणि तिचं बी तळाच्या चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. दोनशे माणसं म्हटल्यावर आम्ही हुरळून गेलो. पूर्वेचा काठ माझ्याकडे होता. तिथे पाणकणसाच्या दाट बेटाला लाल फिती बांधून ठेवायच्या होत्या की इथे हात लावायचा नाही. मी त्या आदल्या दिवशी बांधणार होते आणि राहून गेलं, सकाळी बांधू म्हटलं, सकाळी बसच लवकर आली.

माणसं मनापासून काम करत होती, त्यांचा दोष नाही. त्यांनी जलपर्णीबरोबर पाणकणीसही उपटलं, आणि त्यात टिबुकलीचं घरटं गेलं. टिबुकलीचं घरटं म्हणजे पाण्यावर तरंगणारा कुजक्या पानांचा ढीग असतो, आणि ती उठून जाताना अंडी पाल्याने झाकून जाते, त्यामुळे माहीत नसलेल्याला तो कचराच वाटणार. एका मुलाने तो ढीग उचलून काठावर टाकला आणि त्यातून अंडी घरंगळली, तो मुलगा तिथेच खाली बसला, त्याचं तोंड मला अजून आठवतं. मी त्याला सांगितलं की चूक माझी आहे. होतीच. टिबुकलीची जोडी दुपारपर्यंत त्या जागी फिरत होती.

त्यानंतर विणीच्या हंगामात काठाचं काम पूर्ण बंद, आधी जुन्या माणसाने काठ बघून फिती बांधल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही, आणि एका वेळी दहाच माणसं, त्यात दोन तरी माहीतगार. मोठ्या टोळ्यांना आम्ही आता नम्रपणे नाही म्हणतो, किंवा सांगतो की दोनशेजण एकदा येण्यापेक्षा तुमच्यातले दहाजण वर्षभर दर महिन्याला या. बहुतेक वेळा पुढे फोन येत नाही. एकदा आला, आणि त्यातले चारजण आज आमचे पक्के झालेत, तो घरट्यापाशी खाली बसलेला मुलगा त्यातला एक.

आता नोकरीचं. हा भाग लिहायला मला अवघड जातंय, पण मुळात मी लिहायला बसले ते याचसाठी.

या क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती मी बरीच वर्षं वाचतेय, आधी स्वतःसाठी, आता तरुण मुलांसाठी. कामं खूप प्रकारची असतात, फिल्डवर सर्वेक्षण करणारा, नकाशे बनवणारा, डेटा सांभाळणारा, शाळांमध्ये शिकवणारा, गावकऱ्यांशी बोलणारा, हिशेब ठेवणारा, आणि हिशेब ठेवणाऱ्याची गरज सगळ्यात जास्त असते हे कुणी सांगत नाही. पण सुरुवातीच्या पदाला दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि तो अनुभव मिळतो बिनपगारी. म्हणजे ज्याच्या घरी दोन वर्षं कमावलं नाही तरी चालतं त्यालाच आत यायला वाट. मी अशी किती हुशार मुलं परत जाताना पाहिलीत. डोळा चांगला, आवाजावरून पक्षी ओळखणारी, आणि घरी पैसे पाठवायचेत म्हणून दुसरीकडे कुठेतरी लागलेली. त्यांच्या जागी जे येतात ते वाईट नसतात, पण सगळे एकाच प्रकारच्या घरातून आलेले असतात आणि मग तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं हे कुणालाच येत नाही.

पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. त्यांना औपचारिक पदवी नव्हती म्हणून प्राणिशास्त्राच्या सरकारी संस्थेत जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविभागात गाइड लेक्चरर म्हणून लागले, म्हणजे लोकांना समजावून सांगायचं, बोलायचं हीच नोकरी. मग रजा घेऊन जर्मनीत शिकून आले तर इकडे पैसे नाहीत म्हणून ते पदच बंद झालेलं. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरणीचं निरीक्षण केलं, नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच पुढचं विणकाम, आणि एक झाली की नर दुसरं घरटं सुरू करतो, हे सगळं त्यांनी तिथे बघून लिहिलं. ही गोष्ट नेहमी अशी सांगतात की बघा, नोकरी गेली तरी माणूस थांबला नाही. मला त्यात दुसरंही दिसतं. किहीमला डोक्यावर छप्पर होतं आणि बरोबर पत्नी तेहमिनाबाई होत्या. ज्याच्याकडे तेवढं नव्हतं, अशा ज्या कुणाचं पद त्या काळात बंद झालं असेल, त्याचं काम आपल्यापर्यंत पोचलंच नाही.

मला स्वतःला दीड वर्षाचं काँट्रॅक्ट मिळालं, आमच्याच गटात, एका निधीतून, समन्वयक म्हणून. मी तेव्हा किती खूश होते. जे आवडतं त्याचेच पैसे! पहिल्या महिन्यात कळलं की पक्षी बघायला मिळतात ते रविवारीच, बाकी दिवस परवानग्या, बिलं, शाळांना फोन, स्वयंसेवकांचा विमा, बसवाल्याला फोन, निधी देणाऱ्यांचा अहवाल. त्याला माझी तक्रार नाही, ते काम खरं काम आहे आणि मला ते जमत होतं. पण स्वयंसेवक मोकळे असतात शनिवार-रविवारी, म्हणून माझं काम शनिवार-रविवारी, आणि कार्यालयं उघडी असतात सोमवार ते शुक्रवार, म्हणून माझं काम सोमवार ते शुक्रवार. रात्री साडेदहाला मेसेज, "उद्या दुर्बिणी किती आहेत?" पहाटे पाचला मेसेज, "पाऊस पडतोय, कॅन्सल आहे का?" आणि ज्या माणसांबरोबर मी इतकी वर्षं खुर्च्या उचलल्या त्यातल्याच एकदोघांच्या बोलण्यात यायला लागलं की तुला काय, तुला तर पगार मिळतो. मी थकले असं म्हटलं की उत्तर यायचं, "आवडीचं काम आहे ना गं?"

आवड होती. आवडीने घरभाडं भरता येत नाही आणि आवडीने झोपही भरून निघत नाही. काँट्रॅक्ट संपायच्या आधी शेवटचे तीन महिने मी तळ्यावर जाताना पोटात गोळा यायचा, ज्या तळ्यासाठी मी उठून पहाटे अंधारात निघायचे तिथेच.

मुदत संपली तेव्हा निधी पुढे मिळाला नाही. मोजणी तर आधीपासून चालू आहे, यात नवीन काय, असं आम्हाला सांगण्यात आलं. मला हे वाक्य अजून लागतं. मोजणीचं सगळं मोल तिच्या जुनेपणात आहे, तीच गोष्ट त्याच पद्धतीने वर्षानुवर्षं परत परत केली म्हणूनच क्रेफेल्डच्या बाटल्या बोलल्या, आणि पैसे देणाऱ्याला दर दोन वर्षांनी नवीन काहीतरी पाहिजे असतं.

मी दुसऱ्या क्षेत्रात नोकरी बघायला लागले. त्याच सुमाराला काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ताईंच्या घरी आजारपण होतं. बाकीच्यांना वाटलं कुणीतरी जातंय, ग्रुपवर नेहमीसारखे फोटो येत होते, कुणी कुठे फिरायला गेलेलं, कुणाच्या अंगणात खंड्या आलेला. पाच महिन्यांनी काका काठी घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले आणि त्यांनी वही मागितली. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी पान उलटलं. चार महिने कोरे होते. शून्य नव्हे, कोरे. त्यांनी बोटाने त्या रकान्यांवरून एकदा हात फिरवला आणि वही मिटली. मला काही बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यातला एक महिना जानेवारीचा होता, तोसुद्धा पाणी खाली ठेवायचं कबूल केल्यानंतरचा पहिला जानेवारी. त्या चिखलावर त्या वर्षी कोण आलं होतं हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

त्यानंतर जी बैठक झाली ती आमच्या गटातली सगळ्यात लांब आणि सगळ्यात कडू बैठक होती. मी तिथे सगळं बोलले, रात्रीच्या मेसेजांपासून पोटातल्या गोळ्यापर्यंत, आणि हेही की कोऱ्या महिन्यांत मीसुद्धा गेले नव्हते, जाऊ शकले असते. काहींना राग आला. एक दादा म्हणाले की पैसे आले की सेवाभाव जातो, आपण पैशाशिवायच बरे होतो. ताई म्हणाल्या, "तुम्ही पैशाशिवाय करता कारण तुमची पेन्शन करते. माझं माझा नवरा भागवतो. जिचं कुणीच भागवत नाही तिने काय करायचं?" मला वाटतं बैठक तिथे वळली.

मग जे ठरलं ते साधंच होतं. मोजणी स्वयंसेवकांची, जोडीजोडीने, वर्षाचं वेळापत्रक आधीच लावायचं आणि एका जोडीला जमलं नाही तर दुसरी कोण हेही त्यातच लिहायचं, पगारी माणसावर मोजणी टाकायची नाही, म्हणजे निधी संपला तरी वही थांबणार नाही. समन्वयकाचं पद मात्र पगारीच पाहिजे, आणि त्याचा अर्धा पगार सभासदांच्या वर्गणीतून बाजूला काढायचा, अर्धा बाहेरून मागायचा. बिनपगारी "इंटर्न" कुणालाही घ्यायचं नाही. शिकायला येणाऱ्या मुलांना प्रवासखर्च द्यायचा, आणि दुर्बीण नसेल तर गटाची, त्यासाठी त्यांनी मागायची वाट बघायची नाही. अहवालावर मोजणाऱ्या सगळ्यांची नावं, मामांचंसुद्धा. पहाटे किंवा अंधारात कुणीही एकट्याने जायचं नाही.

आणि रविवारी काम असलं की सोमवारी सुट्टी. हे कलम मी हट्टाने घालून घेतलं.

आता त्या पदावर एक मुलगी आहे, सव्वीस-सत्तावीसची. आधी दुसरीकडे एका ठिकाणी सहा महिने बिनपगारी काम करून, शेवटी सोडून, कॉल सेंटरला लागलेली. ती मुलाखतीला आली तेव्हा तिने आम्हालाच प्रश्न विचारले, काँट्रॅक्ट किती महिन्यांचं, प्रवासाचे पैसे कधी मिळणार, विमा आहे का, डेटा कुणाचा, रात्री काम असेल तर परत सोडायला कोण. काका माझ्याकडे बघून हसले. मी काँट्रॅक्टवर होते तेव्हा यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता.

मी परत रविवारची स्वयंसेवक आहे. माझी जोडी त्या टिबुकलीच्या घरट्यावाल्या मुलाबरोबर आहे, आमच्याकडे मे आणि ऑक्टोबर. गेल्या मेमध्ये चक्रवाक शून्य, तुतारी शून्य, थापटे शून्य, टिटव्या सहा. काकांना आता तळ्यापर्यंत चालवत नाही, मामा त्यांना पंपहाऊसच्या ओट्यावर खुर्ची टाकून देतात, आम्ही मोजून आलो की ते वही उघडून रकाने तपासतात, कोरं काही राहिलंय का बघतात आणि खाली सही करतात.

ती मुलगी रविवारी सगळ्यांच्या आधी आलेली असते आणि सगळ्यांच्या नंतर जाते. सोमवारी तिचा फोन बंद असतो, आणि ग्रुपवर कुणी तिला शोधत नाही.